दिग्यास, इसाक्वाहून

प्रिय दिग्या,

हे तुलाच सांगायला हवं. शर्वरीला सांगू लागलो, तर ती म्हणाली, "बाबा, माशांचं इतकं काय?" शिरगावच्या मत्स्य कॉलेजात जो शिकला नाही त्याला काय कळणार!

सिएटलजवळ इसाक्वा गावात, भर वस्तीत, सॅल्मन माशांची हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं सोडायचं केंद्र, आहे, १९३६ साली बांधायला घेतलेली. परवा पाहिली. समुद्रातले चिनूक, म्हणजे सॅल्मनचीच एक जात, बॅलार्डच्या जलद्वारांतून आत येतात आणि वॉशिंग्टन, समामिश हे तलाव ओलांडून या ओढ्यात शिरतात. तिथे त्यांना अडवून पायऱ्यापायऱ्यांच्या वाटेने हौदात घेतात. मग मादी मारायची, पोट चिरायचं, अंडी बादलीत, वर नराचं मिल्ट, म्हणजे वीर्य. आपली कटला इंजेक्शन घेते, हाप्यात, म्हणजे पाण्यातल्या कापडी पेटीत, अंडी सोडते आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हजर! ही चिनूक मादी ओढ्यात राहिली असती तरी अंडी घालून मरणारच होती, हे ठाऊक असूनही मला बघवेना.

खरी काळजी पुढेच आहे. लाकूडतोड आणि कोळशाच्या खाणींनी या ओढ्याची वाट लावली होती. चिनूकचं बीज, म्हणजे अंडी-पिल्लं, आणलं ते ग्रीन नदीतलं. आज गाव ज्यांना आपलं म्हणतं ते मासे मूळचे दुसऱ्या नदीचे. एवढी वर्षं बीज सोडूनही सिएटलजवळच्या प्युजेट साउंड या खाडीचा चिनूक १९९९ पासून संकटग्रस्तांच्या सरकारी यादीतच आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या हॅचरीत महसीर या नदीतल्या माशावरून आपण भांडलो होतो, आठवतं? तू म्हणालास, बीज असलं की मासा असतो. मी म्हटलं, वाहतं पाणी कुठून आणशील? तू रुसून लांब जाऊन बसलास, जाताना माझ्या डब्यातला बांगडा मात्र घेऊन गेलास!

पण ही हॅचरी नसती, तर त्या ओढ्यावर पोरं मासे बघायला गर्दी करतात ती कशाला केली असती? हे तुझ्या बाजूचं, मान्य. म्हणूनच डोक्यातून जात नाही.

तुम्ही धरणात महसीरची बोटुकली, ती बोटभर पिल्लं, सोडणार असं कळलं. त्याआधी वरचे ओहोळ चालून बघ रे. अंडी घालायला महसीर वर चढतो. तिथली वाळू, गोटे उपसून नेले असतील, तर मोठी होऊन ती पोरं जाणार कुठे? खात्याने नुसता सोडलेल्या बिजाचा आकडा मागितला, तरी तू ओहोळांचंही लिही.

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? केतनला नोकरी लागली, फार बरं वाटलं. माझं बीपी ठीक.

डिसेंबरात येतोय. पहिला ओहोळ कुठला ते ठरवून ठेव.

तुझा,
सुध्या