सिल्व्हर ओकचा उरलेला ओंडका माझ्या संमतीशिवाय कापू नये

प्रति,
व्यवस्थापक,
सॉ मिल विभाग, नाशिक

विषय : ठरल्याप्रमाणे कटाई न केल्याबद्दल, जादा घनफुटांच्या बिलाबद्दल आणि तुमच्या आवारातला बुंध्याचा ओंडका न कापण्याबद्दल.

महोदय,

आधी विनंती, कारण ती आजच पाळली जायला हवी. गंगापूर रोडवरच्या आमच्या घरून तुम्ही नेलेल्या सिल्व्हर ओकचा बुंध्याकडचा ९ फुटी ओंडका अजून तुमच्या आवारात आहे. माझी लेखी संमती मिळाल्याशिवाय त्यावर करवत चालवू नका. त्याच्या वरच्या १२ फुटांचं जे झालं ते आता कुणालाच दुरुस्त करता येणार नाही. निदान हा ओंडका तरी वाचावा, यासाठी हे पत्र.

द्राक्षबागेच्या बांधावर वारा अडवायला सिल्व्हर ओक लावतात, तशी माझ्या सासऱ्यांनी १९६०च्या दशकात एक रांग लावली होती. पुढे बाग गेली, प्लॉट पडले आणि रांगेतलं हे एकच झाड उरलं. गेल्या पावसाळ्यात एका बाजूची मुळं उघडी पडून ते घराकडे कलू लागलं, म्हणून महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज केला. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीपासून ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं. त्याची परवानगी सहजासहजी मिळत नाही, आणि मिळूही नये असंच माझं मत आहे. रीतसर पाहणी होऊन परवानगी मिळाली. झाड पाडावंच लागतंय, तर त्याचं लाकूड तरी सार्थकी लागावं, एवढीच घरातल्या सगळ्यांची इच्छा होती.

म्हणून कापायचं कसं, यावर आम्ही कापण्याआधी विचार केला. आमच्या सुतारमामांनी फांदीचा एक जाड तुकडा घेऊन कुऱ्हाडीने गाभ्यापासून सालीपर्यंत त्याची फाक काढली. फिकट गुलाबी-तपकिरी लाकूड. ती फाक उजेडात तिरकी धरली आणि तिच्यावर माशाच्या खवल्यांसारखे चकचकीत ठिपके उठले. त्याच तुकड्याची दुसरी, सालीकडची बाजू पाहिली तर तिथे यातलं काहीच नव्हतं. लाकडात गाभ्याकडून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे असतात, त्यांना किरण म्हणतात. खऱ्या ओकशी या झाडाचं नातं नाही, ते मूळचं पूर्व ऑस्ट्रेलियातलं, पण किरण दोघांचेही रुंद. ते दिसायचे असतील तर ओंडक्याच्या आधी चार फाका करायच्या आणि मग प्रत्येक फाकेतून गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या फळ्या काढायच्या. नाशिकच्या वायनऱ्यांत वाइन मुरवायला ओकची पिंपं वापरतात, त्यांच्या पट्ट्याही याच दिशेने काढतात. किरण पट्टीच्या पृष्ठभागाला समांतर राहिले की वाइन झिरपत नाही. या पद्धतीत मेहनत जास्त आणि वाया जाणारं लाकूडही जास्त, हे मला माहीत होतं. त्यासाठी कटाईचे जादा पैसे द्यायचं मी तुमच्या ऑफिसात बसून कबूल केलं होतं.

ठरलं ते कागदावर आहे आणि खाली तुमच्या सुपरवायझरांची सही आहे. बुंध्याचा ९ फुटी ओंडका चार फाका करून सव्वा इंची कापायचा, पुस्तकांच्या कपाटांसाठी. त्यावरचा १२ फुटी अखंड ठेवून त्याच्या दोन इंची फळ्या काढायच्या. आमचं एकत्र कुटुंब आहे, सगळे एका पंगतीला बसतील असं लांब टेबल करायचं होतं. दोन मोठ्या फांद्या फुटतात त्या बेचक्यातले रेषे एकमेकांत गुंतलेले असतात आणि कापल्यावर सुंदर दिसतात, म्हणून बेचकं वेगळं ठेवून त्याच्या जाड फळ्या चौरंगांसाठी. बारीक फांद्या जळणाला. उघड्यावर ठेवायचं काहीच करायचं नव्हतं, कारण हे लाकूड मातीत-पाण्यात टिकत नाही आणि त्याला कीड लवकर लागते.

प्रत्यक्षात १२ फुटी ओंडका मधोमध तोडून त्याचे ६-६ फुटांचे दोन तुकडे केले. कारण विचारलं तर "गाडीत मावत नव्हता." गाडी दुसरी मागवता आली असती. अखंड ओंडका आता कुठून आणायचा? ते दोन तुकडे सरळ एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत एक इंची फाडून टाकले. दोन इंची फळी एकही नाही, टेबलाच्या लांबीची तर नाहीच. बेचकं जळणात गेलं.

वाळवण्याबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. ओंडक्याच्या तोंडांना मेण किंवा रंग लावलेला नव्हता. पाणी तोंडाकडून कितीतरी वेगाने सुकतं, म्हणून तिथेच आधी चिरा जातात. फळ्या मध्ये हवा खेळायला पट्ट्या न घालता एकावर एक रचल्या होत्या, त्याही पत्र्याखाली, ऐन मे महिन्यात. हवेवर वाळवायचं तर इंचाला साधारण एक वर्ष धरतात. तुम्ही महिनाभरात "सिझनिंग झालंय" म्हणून माल पोचवला. त्यातली सगळ्यात रुंद फळी मी बैठकीच्या फरशीवर पालथी घातली. दोन्ही कडा फरशीला टेकल्या आणि मधल्या पोकळीतून काडेपेटी आडवी आरपार सरकली. तिच्या टोकाच्या चिरेत नाणं उभं जातं. रंधा मारून ती सपाट करायची तर इंचातलं निम्मं लाकूड भुशात जाईल, असं सुतारमामा म्हणाले. फोटो सोबत जोडले आहेत.

यावर "सिल्व्हर ओक म्हणजे काय सागवान आहे का, तो वाकणारच" असं मला ऐकवलं गेलं. तो सागासारखा स्थिर नाही, हे बरोबर आहे. म्हणूनच तर फळी कोणत्या दिशेने काढली याला इथे महत्त्व होतं. वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने जितकं आटतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याकडून सालीकडे आटतं. सरसकट फाडलेली रुंद फळी त्यामुळे बाक घेते, फाकेतून काढलेली बरीचशी सरळ राहते. तुमचा रोजचा धंदा लाकडाचा आहे, हे मी तुम्हाला सांगायची वेळ यायला नको होती.

आता बिल. १२ फुटी ओंडक्याचा मधला घेर ८ फूट, तुमच्याच माणसाने माझ्यासमोर टेप लावून मोजलेला. आपलं ठरलं होतं चौथाई घेराच्या हिशोबाने : घेराचा चौथा भाग २ फूट, त्याचा वर्ग ४, गुणिले १२, म्हणजे ४८ घनफूट. बिलात ६१ घनफूट लावलेत. ६१ हा आकडा पूर्ण गोलाईच्या हिशोबाने येतो. तो हिशोबही चुकीचा नाही, पण तो आपला ठरला नव्हता. शिवाय ओंडके विकत घेताना तुम्ही चौथाई घेरच लावता, हे तुमच्या दरफलकावरच लिहिलेलं आहे. घेताना एक माप आणि कटाईला दुसरं, हे मला मान्य नाही.

माझं म्हणणं असं. १२ फुटी ओंडक्याची कटाई आणि सिझनिंगची रक्कम पूर्ण परत करा, कारण ठरलेलं यातलं एकही काम झालेलं नाही. ती देणार नसाल, तर जादा लावलेल्या १३ घनफुटांची आकारणी तरी तात्काळ रद्द करा, बाकीचं आपण ग्राहक आयोगापुढे बोलू. बेचकं शिल्लक असेल तर आहे त्या स्थितीत परत पाठवा, नसेल तर त्याची भरपाई द्या. आणि बुंध्याच्या ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना आजच मेण लावून तो सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा. त्याची कटाई तुमच्याकडेच करायची माझी अजून तयारी आहे, कारण तुमच्या बँड सॉ यंत्रावरचे वयस्कर मिस्त्री कामात जाणते आहेत, हे मी पाहिलंय. पण त्या वेळी मी आणि सुतारमामा समोर उभे असू, आणि पहिली रेघ खडूने आम्ही मारू.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. या मुदतीत ओंडका कापला गेला, तर त्याची नुकसानभरपाई त्याच तक्रारीत मागितली जाईल.

सोबत : सही केलेल्या कटाईच्या कागदाची प्रत, बिलाची प्रत, फळ्यांचे फोटो.

आपली,
एक ग्राहक
(नाव, पत्ता व मोबाइल क्रमांक बिलावर आहेत)
गंगापूर रोड, नाशिक