लेकीला समाजकार्य शिकू दे: निपाणीहून मित्रास पत्र

निपाणी, जि. बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. धाकट्या लेकीला पदवीनंतर समाजकार्याचे शिक्षण घ्यायचे आहे आणि त्यावरून घरात दोन तट पडले आहेत, असे तू लिहिले आहेस. ‘समाजसेवा निवृत्तीनंतर करावी, तिच्यासाठी कॉलेजला कशाला जायचे?’ हा तुझ्या मेहुण्यांचा प्रश्नही तू कळवलास आणि माझे मत मागितलेस. मत एका ओळीचे आहे: तिला जाऊ दे. पण ते मी कशाच्या आधारावर सांगतो आहे, हे तुला समजावे म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या गल्लीत एक वृद्ध विधवा एकटी राहते. मांडीवर सूप घेऊन बिड्या वळण्यात तिचे सारे आयुष्य गेले. तेंदूचे पान कात्रीने कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू भरायची, वळून दोरा बांधायचा, असे करता करता बोटांच्या पेरांवरच्या रेषाच झिजल्या. पुढे तिची पेन्शन बंद झाली. बँकेत यंत्रावर अंगठा उमटेना, आणि नाडकचेरीत, म्हणजे इथल्या सरकारी महसूल कार्यालयात, गेली तर अर्ज कन्नडमध्ये. तिला कन्नड तोडकेमोडके बोलता येते, वाचता मात्र येत नाही. शेजारी तिला भाकरी-कालवण देत होते, त्यात कोणी कमी पडले नाही. परंतु तिची हक्काची पेन्शन भाकरीने परत येणार नव्हती. ती परत आणली येथील एका संस्थेच्या तरुण कार्यकर्तीने. म्हातारीच्या ट्रंकेतील सगळे कागद तिने जमिनीवर मांडले, तेव्हा रेशन कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरे, हे प्रथमच लक्षात आले. अंगठा उमटत नसेल तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटवता येते, हे तिला ठाऊक होते. अर्ज तिने कन्नडमध्ये लिहिला, अंगठा घेण्यापूर्वी तो मराठीत वाचून दाखवला, आणि पोच घेतल्याशिवाय ती खिडकीपासून हलली नाही. पेन्शन पुन्हा सुरू होईपर्यंत तिने पाठपुरावा सोडला नाही. म्हातारी त्या मुलीला ‘माझी सायबीण’ म्हणते.

माया लावणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ती असावीतच. पण कोणता कायदा कोठे लागू होतो, कोणाच्या टेबलावर कागद अडला आहे आणि त्या माणसाला स्वतःला नेमके काय हवे आहे, हे शिकावेच लागते. २००७ चा आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा घे. मुले सांभाळत नसतील तर वृद्धांना प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो, आणि सांभाळण्याच्या अटीवर मुलाला लिहून दिलेली मिळकतही अट मोडल्यास परत मागता येते. आमच्या परिचयातील एका वृद्ध गृहस्थांना हे कळल्यावर नातेवाईक त्यांना दावा लावायला भरीस घालू लागले. कार्यकर्तीने मात्र प्रथम त्यांनाच एकट्याला बसवून विचारले. त्यांना जमीन परत नको होती. दोन वेळचे जेवण आणि सोप्यात झोपायला जागा हवी होती. तिने मुलाला आणि सुनेला समोर बसवून बोलणी केली. कायदा माहीत असूनही तो केव्हा बाजूला ठेवायचा, हे ज्याला कळते तो खरा जाणकार, असे मला वाटते.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तुला आठवत असेल. वेदगंगा आणि दूधगंगा पात्र सोडून गावांत शिरल्या, महामार्ग बंद पडला आणि शाळा म्हणजे छावण्या झाल्या. मदतीचे ट्रक उदंड आले. कपड्यांचे ढीग पडले होते, परंतु मधुमेहाची गोळी कोणाची बुडाली, कोणत्या गरोदर बाईचे दिवस भरत आले आहेत, पाळी आलेल्या मुलींनी जायचे कोठे, हे वही घेऊन विचारत फिरणारी माणसे थोडी होती. आशा आणि अंगणवाडीच्या बायका त्यांत आघाडीवर होत्या, आणि त्यांच्यापैकी काहींच्या स्वतःच्या घरांत पाणी होते. पूर ओसरल्यावर ट्रक थांबले. पडलेल्या घराचा पंचनामा, नावावर उतारा नसलेल्या भाडेकरूची भरपाई, शाळा सोडलेली मुले, हे सारे काम त्यानंतर सुरू झाले, आणि त्या वेळी फोटो काढायला कोणी नव्हते.

आपल्या भागाला हे काम नवे नाही. याच निपाणीत प्रा. सुभाष जोशी यांनी तंबाखू आणि बिडी कामगार बायकांना संघटित केले. देवदासी म्हणून मुली सोडण्यावर बंदी घालणारा कर्नाटकाचा कायदा १९८२ चा. पण मुली सोडायला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराकडे जाणारी वाट एकट्या कायद्याने बदलली नाही. त्यासाठी घरोघरी जाऊन आयांशी बोलावे लागले. घटप्रभा येथील ‘मास’ ही संस्था तर १९९७ पासून माजी देवदासी महिला स्वतः चालवतात. जिच्यावर दया करायची असे लोक समजत होते, तीच बाई दुसरीला आधार देऊ लागते, याहून मोठे फळ या कामाला कोणते?

आता तुझ्या काळजीविषयी. ती खोटी नाही. संस्थांतील पगार तुटपुंजे असतात, आशांना मानधनावर राबावे लागते आणि तेही वेळेवर मिळत नाही. दिवसभर दुसऱ्याचे दुःख ऐकून घरी आल्यावर जेवण जात नाही, असे मला एकीने सांगितले आहे. यातले बरेचसे दुखणे तुझ्या मेहुण्यांसारख्या समजुतीतून आले आहे. हे काम पुण्याचे, म्हणून त्याला दाम कशाला, असे आपणच ठरवून टाकले. रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरकडून कोणी फुकटाची अपेक्षा करत नाही. निराधार माणसाला पायावर उभे करणाऱ्याकडून मात्र सर्रास करतात. मला हे अन्यायाचे वाटते.

म्हणून लेकीला अडवू नकोस, पण डोळे उघडे ठेवून पाठव. कोल्हापूरच्या ‘सायबर’ नावाच्या महाविद्यालयात समाजकार्याचा अभ्यासक्रम आहे, तेथे एकदा चौकशी कर. प्रवेश घेण्यापूर्वी तिने काही दिवस आमच्याकडे राहावे. मी तिची त्या कार्यकर्तीशी गाठ घालून देतो. तिने तिच्याबरोबर नाडकचेरीच्या रांगेत उभे राहावे, बिडी कामगारांच्या वस्तीत बसावे आणि मग स्वतः ठरवावे. सीमाभागात काम करण्याचा विचार असेल तर कन्नड वाचायला आतापासून शिकू दे. बाराखडीची पुस्तके मी आणून ठेवतो. येण्याचा दिवस कळव, म्हणजे स्टँडवर न्यायला येईन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
निपाणीकर मित्र