कपाटातल्या हाडांना नाव द्या, भंगारात देऊ नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात माळावर सापडलेल्या 'अज्ञात हिंस्त्र प्राण्याच्या' कवटीचा फोटो आला होता. आमच्या कट्ट्यावर मग दोन दिवस तोच विषय, कुणी म्हणे बिबट्या, कुणी म्हणे तरस, एकजण तर म्हणाला हे काहीतरी वेगळंच आहे आणि सरकार लपवतंय. मी फोटो मोबाईलवर झूम करून बघितला तर वरच्या जबड्याला पुढे दातच नाहीत, म्हणजे पडलेत असंही नाही, दात बसायची भोकंच नाहीत तिथं. आपल्याकडची गाय, म्हैस, शेळी, मेंढी, काळवीट, चिंकारा, या रवंथ करणाऱ्या सगळ्यांना वरचे पुढचे दात नसतात, तिथं नुसती टणक हिरडी असते. तर ज्याच्या भीतीने लोकं संध्याकाळी पाणी द्यायला शेतात जाईनात ते जनावर बहुतेक कुठल्यातरी कळपातून मागे राहिलेली मेंढी होतं. मेंढी की शेळी हे मात्र फोटोवरून छातीठोक सांगता येत नाही, हाडांवरून त्या दोघी ओळखताना भलेभले अडकतात, आता हाडातल्या कोलॅजन नावाच्या प्रथिनाची तपासणी करून ते सांगता येतं पण ते लॅबचं काम झालं.

बिबट्या असता तर चार मोठे सुळे दिसले असते आणि एकूण दात 30. तरसाचे 34, कुत्रा लांडगा कोल्हा या तिघांचे 42. पूर्ण वाढलेलं जनावर असेल आणि जबडा शाबूत असेल तर नुसते दात मोजून अर्धी भांडणं मिटतात. कुत्रा की लांडगा हे मात्र नुसत्या कवटीवरून सांगायला खरंच अवघड आहे, तिथं कुणी पटकन उत्तर दिलं तर जरा जपूनच. फोटो छापायचा झाला तर कवटीच्या खालच्या बाजूचा पण छापत जा, दाढा दिसल्या पाहिजेत, आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे साईज कळेल.

बातमीदाराला मी बोल लावत नाही, कारण त्याने विचारायचं तरी कुणाला? आणि पत्र लिहायचं खरं कारण हेच आहे. आपल्या सोलापुरात झूलॉजी शिकवणारी जुनी कॉलेजं आहेत, प्रत्येकाच्या लॅबमध्ये काचेची कपाटं आहेत, त्यात कवट्या, सांगाडे, पेंढा भरलेले पक्षी, फॉर्मॅलिनच्या बरण्या. पण त्या कपाटांतच निम्म्या हाडांना नाव नाही. मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये नोकरी केली, नाव घेत नाही कारण परिस्थिती सगळीकडे थोड्याफार फरकाने तीच. लेबलं वाळवीने खाल्लेली, बरण्यांवरची शाई उडालेली, हाडावर काळ्या शाईने एक नंबर घातलेला असतो पण तो नंबर ज्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे लॅबच्या सामानाच्या नोंदवहीत आहे ते रजिस्टर कुणाच्या ताब्यात ते कुणालाच ठाऊक नाही. त्यात युजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेक्शन (प्राण्यांची चिरफाड) बंद केल्यापासून त्या कपाटांकडे कुणी फिरकत नाही. मग कॉलेजचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकची कमिटी यायची झाली की लॅब रंगवायला काढतात, जुनं सामान 'निर्लेखित' होतं, म्हणजे नोंदीतून काढून टाकलं जातं, आणि पोत्यात भरून जातं. काही ठिकाणी भीतीपण असते, 1972 च्या वन्यजीव कायद्यामुळे संरक्षित प्राण्यांचे अवयव विनापरवाना ठेवता येत नाहीत, त्यामुळे वनखात्याला लेखी कळवण्याऐवजी गुपचूप पुरून टाकलेलं बरं असं वाटतं लोकांना.

आता यातनं काय जातं ते सांगतो. आमच्या कपाटात एक वाळवलेला पंजा होता, गुडघ्याखालचा पाय आणि बोटं, वर मागाहून कुणीतरी चिकटवलेली चिठ्ठी, 'मोर'. पण त्या पायाला बोटं तीनच, तिन्ही पुढे, मागचं बोट नाहीच, आणि तुटल्याची खूणही नाही. मोराला मागचं बोट असतं, नर असेल तर वर काटा पण असतो. मागचं बोट नसणं ही माळढोकाच्या कुळाची खूण आहे, जमिनीवर चालणारा पक्षी, फांदी धरायची वेळच येत नाही त्याच्यावर. तीन बोटं करवानकालाही असतात आणि तणमोरालाही, पण ते लहान, हा पाय चांगला जाडजूड. एका सरांनी शंका काढली की इमू असेल, मधे इमू पाळायचं फॅड आलं होतं ना, पण मोठ्या इमूचा पाय केवढा दांडगा असतो आणि हा पंजा तर त्या फॅडच्या कितीतरी आधीपासून कपाटात.

म्हणजे आमच्या कपाटात मोर म्हणून पडलेला तो पाय माळढोकाचा असण्याची दाट शक्यता आहे. आपल्या सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य 1979 चं, ज्याच्यासाठी ते केलं तो पक्षी आज देशभरात दीडशेच्या आसपास उरलाय आणि तोही बहुतेक राजस्थानात. जुन्या पंजाच्या तळव्याची पातळशी चकती घेतली तरी डीएनए निघू शकतो, म्युझियमवाले असंच करतात. पण तो पक्षी कुठे आणि कुठल्या साली मिळाला हे डीएनए सांगत नाही, ते फक्त लेबल सांगतं.

आणि लेबल खोटं निघालं तर काय होतं त्याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड, त्याला 1873 मध्ये शास्त्रीय नाव दिलं ॲलन ह्यूमने, हो तोच काँग्रेस स्थापन करणारा ह्यूम, त्याने 1885 मध्येच आपला 82 हजारांच्या आसपास नमुन्यांचा साठा ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला होता. 1884 नंतर हा पक्षी कुणाला दिसला नाही, फक्त माइनर्ट्‌झहागेन नावाच्या एका इंग्रज कर्नलच्या संग्रहात एक नमुना होता, लेबलवर 1914, गुजरातेत मांडवीजवळ. लोकं गुजरातेत शोधत बसली. शेवटी पॅमेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुनाच तपासायला घेतला, आतलं भरण, टाके, सगळं, तर तो निघाला म्युझियममधून चोरलेला जुना नमुना, उसवून परत शिवलेला आणि वर खोटं लेबल. तो बाजूला काढल्यावर उरलेल्या खऱ्या लेबलांवरच्या जागा धरून शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये रानपिंगळा सापडला कुठे, तर आपल्या शहाद्याजवळ! 113 वर्षांनी. एवढी ताकद असते त्या कागदाच्या चिटोऱ्यात.

माझं म्हणणं एवढंच की निर्लेखनाच्या आधी प्रत्येक वस्तूचे चारी बाजूंनी फोटो काढा, जुनी चिठ्ठी चुकीची असली तरी फाडू नका, तिच्या शेजारी नवीन लावा, हाडांना वॉर्निश बिर्निश लावू नका. ओळख पटत नसेल तर फोटो बाहेर पाठवा, पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं ऑफिस आहे, पक्ष्यांसाठी मुंबईची बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) आहे, आणि हाडांसाठी पुण्याचं डेक्कन कॉलेज, तिथं उत्खननातली हाडं ताडून बघायला ओळख पटलेल्या हाडांचा वेगळा संग्रहच ठेवलाय, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी इनामगावला जे खोदलं तिथल्या हाडांचा अभ्यास त्यांनीच केला. हे काम एमएस्सीच्या पोरांना प्रोजेक्ट म्हणून दिलं तर फुकटात होईल, नाहीतरी प्रोजेक्टच्या नावाखाली नेटवरून कॉपी पेस्ट चाललेलंच असतं. हाड माणसाचं वाटलं तर मात्र हात न लावता पोलिसांना कळवायचं.

आपल्या पेपरला एक विनंती. सोलापुरातल्या कॉलेजांमधून 1970 ते 80 च्या दशकात झूलॉजी घेऊन बीएस्सी झालेले बरेच वाचक असतील, त्यांच्या वेळी कपाटातली कुठली वस्तू कुणी, कुठल्या गावाहून आणली होती हे आठवत असेल तर त्यांनी आपल्या पत्त्यावर कळवावं अशी एक चौकट छापाल का? नान्नज, मार्डी, करमाळ्याकडून कुणी मोठा पक्षी आणून दिल्याचं कुणाला आठवत असेल तर फारच बरं, साल अंदाजे असलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त लॅब असिस्टंट, सोलापूर