साहेबांची कानाखाली आणि मंत्रालयाची परवानगी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालचा तुमचा अग्रलेख वाचला. सकाळी अर्धाच झाला कारण दुकानात गिऱ्हाईक आलं, दुपारी परत काढून पूर्ण वाचला आणि तेव्हापासून डोक्यात बसलाय. तुमचं म्हणणं असं की अधिकाऱ्यावर केस करायच्या आधी सरकारची परवानगी लागते ही अट पाहिजेच, नाहीतर उठसूट कोणीही साहेबांना कोर्टात ओढेल आणि कामं ठप्प होतील. छान लिहिलंय. फक्त ज्याला कानाखाली बसली त्याच्या बाजूने एक ओळ तरी टाकायची होती.

माझा बिल्डिंग मटेरियलचा धंदा आहे. मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमचा टेम्पो महसूलच्या पथकाने अडवला. कुठल्या तालुक्यात ते लिहीत नाही, उगाच अजून एक लफडं नको. गाडीत क्रश सँड होती, म्हणजे क्रशरवर दगड फोडून केलेली वाळू, नदीची वाळू नाही. क्रशरचं बिल, रॉयल्टीची पावती, वाहतूक पास सगळं ड्रायव्हरकडे होतं. तो एवढंच म्हणाला की साहेब, बिलावर काय लिहिलंय ते एकदा बघा तरी. साहेबांनी बिल बघितलं नाही, त्याच्या कानाखाली वाजवली. पन्नाशीचा माणूस, माणदेशातला, आयुष्यात कुणाला अरे केलं नाही, आणि शेजारी हेल्परचं पोरगं बसलेलं. टेम्पो नेऊन कचेरीच्या आवारात लावला आणि अख्खा पावसाळा तिथंच उभा. शेवटी आदेश आला, सदर माल क्रश सँड असल्याचे दिसून येते, गाडी सोडावी. दंड नाही, दिलगिरी नाही, काही नाही. गाडी आणायला गेलो तर बॅटरी गायब, स्टेपनी गायब, टाकीत डिझेलचा वास तेवढा शिल्लक. आणि चावी द्यायच्या आधी सही कशावर घेतली, तर 'वाहन सुस्थितीत मिळाले' यावर. केली सही. न करून काय करता, धंद्याची गाडी आहे.

मग पोवई नाक्याला वकिलांकडे गेलो. ते म्हणाले गाडीचं बघता येईल. त्यांच्याकडूनच कळलं की १९४७ मध्ये मेरठला पोलिसांनी अमृतसरच्या एका व्यापाऱ्याचं शंभरावर तोळे सोनं जप्त करून मालखान्यात ठेवलं, ते घेऊन हेड कॉन्स्टेबलच पाकिस्तानात पळाला, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जप्ती हे सरकारचं सार्वभौम काम, भरपाई मिळणार नाही. मला वाटलं आपलाही निकाल लागला. पण पुढे १९९४ ला आंध्रच्या एका खतवाल्याचा जप्त केलेला माल पडून खराब झाला तेव्हा त्याच कोर्टाने सरकारला भरपाई द्यायला लावली. म्हणजे सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्या, दावा लावा, बॅटरीचे पैसे कधीतरी येतील. ते पण सरकारी तिजोरीतून, म्हणजे माझ्याच टॅक्समधून. साहेबांच्या खिशाला काय?

आणि कानाखालीचं काय, तर तिथं तुमचं ते लाडकं कवच. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १९७ होतं, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत २१८. ज्या अधिकाऱ्याला फक्त सरकारच नोकरीवरून काढू शकतं त्याच्यावर ड्युटीतल्या कामाबद्दल केस चालवायची तर आधी त्याच सरकारची परवानगी. मी म्हटलं वकीलसाहेब, कानाखाली मारणं ही ड्युटी कधीपासून झाली? ते हसले. म्हणाले तीच तर सगळी मारामारी आहे, २०२० ला कर्नाटकच्या एका पोलिस केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालंय की हद्द ओलांडली असेल तरी ड्युटीशी वाजवी संबंध असला की परवानगी लागते, समोरचा वकील तोच निकाल टेबलावर ठेवणार. गंमत अशी की हेच काम एखाद्या शिपायाने केलं असतं तर हे कवच बहुतेक लागू झालं नसतं. हात जितका मोठ्या साहेबाचा तितकी आम्हाला लांबची वाट.

बरं, नव्या कायद्यात १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही तर परवानगी दिली असंच धरायचं, हे तुम्ही अग्रलेखात मोठ्या कौतुकाने लिहिलंय. पण मुदत मोजायची अर्ज पोचल्यापासून, आणि अर्ज अपूर्ण होता, त्रुटी काढून परत पाठवलाय असं म्हणायला कुणाचं काय जातं? शिवाय कलम २२३ तुम्ही सोडूनच दिलंत. आपण थेट मॅजिस्ट्रेटकडे तक्रार केली तरी आधी साहेबांना त्यांची बाजू मांडायची संधी, आणि त्यांच्या वरिष्ठांचा अहवाल. वरिष्ठांचा! मास्तरांच्या पोराने मारलं म्हणून मास्तरांकडेच चिठ्ठी द्यायची.

आता उलटं बघा. ड्रायव्हरने त्या दिवशी नुसता हात जरी धरला असता तरी संध्याकाळच्या आत गुन्हा दाखल झाला असता. जवळजवळ प्रत्येक कचेरीत भिंतीवर बोर्ड असतो, शासकीय कामात अडथळा आणल्यास कलम ३५३. मधे आपल्या राज्याने त्याची शिक्षा दोनाची पाच वर्षं केली होती, आता नव्या न्याय संहितेत कलम १३२ आहे, शिक्षा परत दोन वर्षांवर आलीय, पण साहेब लोक अजून '३५३ लावीन' असंच म्हणतात. त्याला मंत्रालयातून परवानगी लागते का हो? दुसऱ्या बाजूचा बोर्ड मी तरी कुठल्या कचेरीत बघितला नाही.

वाळूवाले तलाठ्यांच्या, तहसीलदारांच्या अंगावर गाड्या घालतात हे मलाही माहितीये, असल्यांना आत टाकाच. आणि प्रामाणिक अधिकाऱ्याला खोट्या केसपासून संरक्षण नको असं कोण म्हणतंय? पण केस खोटी आहे का खरी ते कोर्टाला ठरवू द्या ना, मंत्रालयातल्या टेबलाने का ठरवायचं? २०१७ चं सांगलीचं कोठडीतलं प्रकरण आठवा, आरोपी पळून गेला म्हणून सांगितलं आणि मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचं उघडकीला आलं. तिथं लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. एका ड्रायव्हरच्या कानाखालीसाठी कोण गाव बंद ठेवणार? त्याने काम सोडलं. फोन केला की चांगलं बोलतो, पण तक्रारीवर सही करायला तयार नाही. म्हणतो मालक, तुमची गाडी सुटली ना, मग मला कशाला अडकवता.

जाता जाता अजून एक, आणि हे तुमच्याबद्दल आहे. टेम्पो धरला त्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या जिल्हा पानावर चार कॉलमी फोटो होता, 'अवैध वाळू वाहतुकीवर धडक कारवाई', पुढे साहेब, मागे आमचा टेम्पो, नंबर प्लेट स्वच्छ वाचता येते आणि दारावर दुकानाचं नावपण. गाडी सुटल्याचा आदेश घेऊन मी स्वतः तुमच्या ऑफिसात आलो होतो, घेतो म्हणाले, ठेवून जा म्हणाले. अजून आलेलं नाही. दोन बांधकामवाल्यांनी तेवढ्यात माल घेणं बंद केलं. हे पत्र छापा नाहीतर नका छापू, पण तो फोटो तुमच्या वेबसाइटवर अजून आहे तेवढा काढा. आदेशाची झेरॉक्स सापडत नसेल तर माणसाबरोबर परत पाठवतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा
(नाव छापू नये)