मांडीवरचा हात

पाथर्डी फाटा, नाशिक
रविवार

ती. आई आणि ती. अण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर रोज बोलणं होतं, तरी हे लिहून पाठवतोय. फोनवर आईला रडू येतं, मग अण्णा फोन घेतात, तिकडं थंडी पडली का विचारतात, आणि सांगायचं ते राहूनच जातं. पानं धाकटीच्या दुरेघी वहीतली आहेत. साध्या कागदावर माझं अक्षर पहिल्या ओळीत ठीक येतं, चौथ्या ओळीपर्यंत मुंगीएवढं होतं. दोन रेघांच्या मध्ये लिहिलं की केवढं लिहायचं याची हाताला आठवण राहते. पत्राला तीन दिवस लागलेत, पण सगळं माझ्या हातचं आहे.

आई, दिवाळीत मी ओट्यावर बसलो होतो. डावा हात मांडीवर थरथरत होता. तू येऊन तो दोन्ही हातांत धरून बसलीस, बोलली काहीच नाहीस. मग जेवताना भाकरी तूच मोडून दिलीस, चहाचा कप अर्धाच भरलास. रात्री हिला म्हणालीस, "आता याच्यानं काम कसं व्हायचं?" मला ऐकू आलं.

आई, माझा हात रिकामा असला की थरथरतो. कामाला लागला की बराचसा शांत होतो. पार्किन्सनच्या आजारात बहुतेकांचं असंच असतं. तू मला बघतेस ती सुट्टीत, निवांत बसलेला, म्हणजे हात सगळ्यात जास्त हलतो त्या वेळी. अंबडला कंपनीत माझ्या टेबलाशी येऊन बघ एकदा. जॉब, म्हणजे मशीनवर झालेला भाग, समोर ठेवतो, डाव्या हातात मायक्रोमीटरची फ्रेम धरतो, उजव्या हाताच्या दोन बोटांनी रॅचेट फिरवतो. कट कट कट, तीन आवाज आले की थांबतो आणि रेघा वाचतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग. ते माप अजून बरोबर येतं. दुसऱ्या माणसाकडून ते पुन्हा तपासून घेतात, ते सगळ्यांचंच घेतात.

त्रास आहे तो मंदपणाचा. शर्टाची गुंडी लावायला पाच मिनिटं जातात. पहाटे, पहिल्या गोळीच्या आधी, डाव्या पायाची बोटं आत वळून आखडतात आणि टाच टेकवत नाही. चालताना डावा हात हलत नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या चढताना मी तो मुद्दाम मोजून हलवतो, एक-दोन, एक-दोन. डावा खांदा दुखत होता तेव्हा वर्षभर 'खांदा जखडलाय' म्हणून शेक आणि व्यायाम चालले होते, आठवतं ना? सुरुवात तिथूनच होती. रक्ताच्या तपासणीत हा आजार दिसत नाही, माझा एमआरआयही चांगला आला. शेवटी मेंदूच्या डॉक्टरांनी मला नुसतं चालायला लावलं, बोटं उघड-मीट करायला लावली आणि ओळखलं. ज्यांच्या नावानं हा आजार आहे ते जेम्स पार्किन्सन लंडनचे. त्यांनी 1817 साली सहाच रुग्णांवरून तो लिहून ठेवला, त्यातले काही तर रस्त्यानं जाताना पाहिलेले. पन्नाशीच्या आत झाला तर लवकरचा म्हणतात. मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

बरा होत नाही, वाढत जातो, हे लपवत नाही. पण तरुणपणी सुरू झाला तर बहुतेक वेळा सावकाश वाढतो. पुढं गोळ्यांनीच अंग नको तेव्हा हलायला लागतं, तेही तरुणांत लवकर. तेव्हाचं तेव्हा बघू, त्यावर ऑपरेशनही आहे.

कामाचं सांगतो. दोन वर्षं मी कंपनीत कुणाला कळू दिलं नाही. ते चुकलं. सुपरवायझरला वाटलं मी पिऊन येतो. माळकरी घरातला मी, ते ऐकून जेवण गेलं नाही. मग फाइल घेऊन साहेबांसमोर बसलो. मशीनवरून मला तपासणीच्या टेबलावर घेतलं, रात्रपाळी काढली. अण्णा, दिव्यांगाचं प्रमाणपत्र काढायला तुम्ही नको म्हणालात, पोरींच्या सोयरिकीला आडवं येईल म्हणून. 2016 च्या कायद्यात या आजाराचं नाव स्पष्ट लिहिलंय. मी अर्ज केलाय. तुम्हाला न विचारता केला, रागावू नका.

आणि आई, मी रागावलेला नव्हतो गं. भाऊबीजेला तू दोनदा विचारलंस, "तोंड असं का केलंस?" चेहऱ्याचे स्नायूही मंद होतात, पापण्या कमी लवतात. आत हसत असतो तरी वर उमटत नाही. तुझ्या अनारशांना मी मनापासून 'छान' म्हणालो होतो. चेहऱ्याकडं बघू नकोस, शब्द ऐक.

गोळ्यांच्या वेळा सात, अकरा, तीन, सात. लेव्होडोपा, म्हणजे माझी मुख्य गोळी, दूध-डाळीबरोबर गेली की नीट लागू पडत नाही, म्हणून जेवणाआधी अर्धा तास घ्यायची. तू मायेनं दुधाचा पेला आणलास आणि मी तुझं मन मोडवेना म्हणून प्यालो. त्या दुपारी मी उठू शकलो नाही ते त्यामुळं, तुला वाटलं तसं दुखणं वाढलं म्हणून नाही. परवा इथं द्वारका चौकात गाडी पाऊण तास अडकली तेव्हा गोळी खिशात होती, पाणी नव्हतं. आता बाटली बरोबर ठेवतो. वैद्यांची खाजकुइलीची पूड मात्र पाठवू नकोस. ती खोटी आहे असं नाही, त्या बियांत हेच औषध निसर्गतः असतं. म्हणूनच भीती. गोळ्यांवर किती भर पडते ते मोजता येत नाही.

अण्णा, आता तुमच्याशी. पुतण्यानं मोबाइलवर वाचून दाखवल्यापासून तुम्ही बागेत फवारणीच्या दिवशी घराबाहेर पडत नाही, असं आई म्हणाली. मी नववीत असताना पाठीवर पंप दिलात म्हणून हे झालं, हे तुम्ही मनाला लावून घेतलंय. मी डॉक्टरांना हेच विचारलं. पॅराक्वाटसारख्या फवारणीच्या औषधांचा आणि या आजाराचा संबंध अभ्यासांत दिसलाय, हे खरं. पण जितक्या कमी वयात होतो तितकी रक्तातूनच आलेला असायची शक्यता जास्त. माझ्या बाबतीत कशामुळं, ते कुणीच सांगू शकत नाही. चाळीस वर्षं तुम्ही स्वतः फवारलंत, तुमचे हात आजही स्थिर आहेत. त्या पंपाच्या पैशांवर मी आयटीआय शिकलो, अण्णा. तुमच्यावर माझा कणभर राग नाही. काही करायचंच असेल तर धाकट्याला हातमोजे आणि मास्कशिवाय बागेत पाठवू नका. तो ऐकत नाही, तुमचं ऐकेल.

विरळणीला मी येतोय. "तू नको, मजूर आहेत" म्हणू नका. दुसरे चार घड करतील तेवढ्यात माझे दोन होतील. माझी ती लाल मुठीची कात्री छपरात खुंटीला आहे, तिला तेल घालून ठेवा. आई, अकराच्या गोळीला नुसतं पाणी दे, भाकरी नंतर. आणि ती मला मोडू दे.

तुमचा,
थोरला