देवकुंडला निघालेल्या लेकीस

चि. बायो,
अनेक आशीर्वाद.

तुझा देवकुंड धबधब्याचा बेत रात्रपाळी संपवून आल्यावर नीट वाचला. जुलैतला रविवार, सकाळी आठला पुणं सोडायचं, वाटेत मिसळ, दुपारी बारा-एकला भिरा गावातून चालायला सुरुवात, धबधब्यात मनसोक्त भिजायचं आणि अंधाराच्या आत गाडीपाशी. खाण्यापासून फोटोपर्यंत सगळं लिहिलंयस. पण वाटेतले ओढे परत येताना कसे ओलांडणार, त्यावर एक ओळ नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले.

जाऊ नकोस असं मी म्हणणार नाही. आपल्या रायगडातली इतकी देखणी जागा, आणि माझी लेक पुण्यात बसून दुसऱ्यांचे फोटो बघणार, हे मलाच पटणार नाही. जा, पण जुलैत नको. एक तर बहुतेक पावसाळ्यांत तिथे प्रशासनाचा मनाई आदेश असतो. तो चुकवून आडवाटेने जाणारे असतात, तुमच्यातलंही कोणीतरी तसं सुचवेल. त्याचं ऐकू नकोस. आदेश नसता तरी मी हेच सांगितलं असतं.

धबधब्याची भीती कोणालाही वाटते. तो समोर दिसतो, ऐकू येतो, माणूस आपोआप चार पावलं मागे राहतो. ओढ्याची भीती कोणाला वाटत नाही, कारण सकाळी तो घोट्याइतका असतो. तुम्ही हसत-खेळत ओलांडून पुढे जाता. कुंडापाशी ऊन पडलेलं असतं आणि वर घाटमाथ्यावर, तुमच्या नजरेच्या पार पलीकडे, ढग फुटलेला असतो. आपल्या सह्याद्रीचा कातळ पाणी जिरू देत नाही. वर पडलेलं सगळं कड्यावरून खाली येतं आणि ज्या ओढ्याला तुम्ही सकाळी मोजलंही नव्हतं, तो छातीइतका होऊन परतीच्या वाटेवर आडवा उभा राहतो. २०२४ च्या जुलैत ताम्हिणी घाटात एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला. पुण्याला अख्ख्या वर्षात साधारण सातशे-साडेसातशे पडतो, यावरून अंदाज कर. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्याच्या भुशी धरणामागे एक कुटुंब प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभं होतं आणि बघता बघता वाहून गेलं. पाच जण गेले, त्यात लहान मुलं होती. काठावर माणसं होती, पण कोणाला काही करता आलं नाही. तो प्रसंग तूही मोबाईलवर पाहिला होतास. मी पुन्हा पाहू शकले नाही.

म्हणून दसरा होऊ दे. पाऊस सरला की आठ-दहा दिवस थांबा आणि मग जा. तेव्हाही धबधबा भरलेला असतो, उलट कुंडाचं पाणी गढूळ न राहता हिरवं-निळं दिसतं. वाटेवरचा चिखल वाळतो. फक्त ऑक्टोबरच्या दुपारी आपल्याकडे घामाने जीव नको होतो, तेव्हा माणशी तीन लिटर पाणी आणि ओआरएसची पाकिटं हवीतच.

आता वेळेचं. बेत परतीकडून मांडायला घे. तीन वाजता सगळे जण भिऱ्यात जेवायला बसलेले हवेत, हे आधी पक्कं कर आणि तिथून उलटं मोज. एका बाजूची चाल पाच-सहा किलोमीटरची, तुमच्यातले निम्मे नवखे, म्हणजे अडीच तास धरायचे. तेव्हा बाराच्या सुमाराला कुंडाकडे पाठ फिरवायची, पोचला असाल तर आणि पोचला नसाल तरीही. म्हणजे आठाला चालायला लागायचं आणि पुणं पहाटे साडेचारला सोडायचं. ताम्हिणीचा घाट पहाटे धुक्यात असतो, गाडी चालवणारा रात्री नीट झोपलेला हवा. त्यापेक्षा शनिवारीच इकडे घरी या. आठ जणांच्या गाद्या पडतील, तेवढी जागा आहे.

वाटाड्या भिरा-पाटणूसकडचाच घ्या. वाट पाठ असली, मोबाईलवर नकाशा असला, तरी घ्या. सुरुवातीला भिरा धरणाच्या पाण्याच्या कडेने मोकळी वाट आहे, तिथे तुम्हाला वाटेल की याला कशाला पैसे दिले. पुढे झाडीत शिरलात की फोनची रेंज जाते, गुरांच्या वाटा फुटतात आणि शेवटी मोठमोठ्या धोंड्यांवरून चढउतार करत जावं लागतं. तिथे त्याचं मोल कळेल. तो वर आभाळाकडे बघून चला म्हणाला की उठायचं. पाचच मिनिटं, एकच फोटो, असलं काही नाही. त्याने तिथल्या पाण्याची सगळी रूपं पाहिली आहेत.

ओढा कसा ओलांडायचा ते सांगते, माझ्या वडिलांनी मला हाताला धरून शिकवलेलं आहे. आधी काठावर थांबून पाणी बघायचं. स्वच्छ पाणी एकाएकी मातकट झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज घुमायला लागला, की पाय घालायचाच नाही, लगेच काठ सोडून उंचावर जायचं. तसं काही नसेल तर पाठपिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडायचा, म्हणजे पडलीस तर ती झटकून टाकता येईल. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, आणि पाय उचलून टाकायचा नाही, तळाशी सरकवत न्यायचा. काळा चकचकीत धोंडा दिसायला पक्का असतो पण त्याच्यावर शेवाळ असतं. खरबरीत, फिकट दगडावर पाय दे, नाहीतर दोन धोंड्यांच्या मधल्या वाळूत. पाणी गुडघ्याला लागलं आणि जोर जाणवला की माघारी. अलीकडच्या काठावर रात्र काढावी लागली तरी चालेल, तेवढे पराठे मी बांधून देईन.

कुंडात उतरू नका. वरून पडणारं पाणी तळाशी फिरवतं, चांगल्या पोहणाऱ्यालाही वर येऊ देत नाही, आणि पाण्यासोबत दगडही येतात. काठावर बसून पाय बुडवलेत तरी अंग गार होतं. धरणाच्या कडेलाही पाण्यात जायचं नाही.

सापाचं मात्र सविस्तर सांगते, कारण ते माझं रोजचं काम आहे. आपल्याकडे फुरसं फार. वीतभर-हातभर, मातकट रंगाचं, दगडाखाली नाहीतर पाचोळ्यात पडून असतं, दिसतच नाही. बसण्याआधी काठीने जागा हलवून बघायची, दगडाला हात घालताना आधी बघायचं. मागे आमच्या दवाखान्यात एक मुलगा आणला होता, तुझ्याच वयाचा. मित्रांनी बुटाची नाडी पोटरीला इतकी करकचून बांधली होती की ती मांसात रुतली होती, पाय निळा पडला होता, वर ब्लेडने काप घेतलेला. त्या कापातून रक्त थांबत नव्हतं. अशा वेळी आम्ही काचेच्या कोरड्या नळीत थोडं रक्त घेतो आणि वीस मिनिटं न हलवता ठेवतो. मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलेलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विष भिनलंय. त्याचं वाहिलं. प्रतिसर्पविष दिलं, तो वाचला, पण पायाची जखम भरायला किती महिने गेले ते मी पाहिलंय. ती नाडी आणि तो काप नसता तर त्याचे निम्मे हाल वाचले असते. तेव्हा आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. पाय काठीला सैलसर बांधून स्थिर ठेवायचा, त्याला चालू द्यायचं नाही, आळीपाळीने उचलून आणायचं. रेंज आली की १०८ ला फोन. सापाला मारत, शोधत बसायचं नाही. कड्याला आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर-डिओ लावायचा नाही आणि कुठेही धूर करायचा नाही.

जेवण निघतानाच गावात सांगून ठेवा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा मिळेल, गावात चार पैसे जातील. चिप्सची पाकिटं जंगलात नेऊच नका, म्हणजे परत आणायचा प्रश्न नाही. मी चिक्की आणि तिखटमिठाच्या पुऱ्या देते.

आणि धरणाच्या काठाने चालताना एकदा पूर्वेकडे वर बघ. तिथे घाटमाथ्यावर मुळशीचं पाणी अडवलंय. त्यासाठी गावं बुडाली, १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळ्यांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. ते पाणी डोंगरातून खाली आणून १९२७ पासून टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरात फिरवतात आणि मग कुंडलिका नदीत सोडतात. म्हणून आपली कुंडलिका वैशाखातही वाहते आणि कोलाडला तुम्हाला राफ्टिंग करता येतं. नदीत पाणी सोडलं की पात्र भराभर चढतं, म्हणून परत जाताना वाटेत कुठे नदीत उतरायचं नाही.

तुझ्या त्या नागपूरच्या मैत्रिणीला दमा आहे असं तू म्हणाली होतीस. तिला पंप वरच्या खिशात ठेवायला सांग, पिशवीच्या तळाशी नको. सगळ्यांची नावं, घरचे फोन आणि रक्तगट एका कागदावर लिहून वाटाड्याच्या घरी ठेवा, आणि एक प्रत मला दे. तारीख ठरली की कळव, त्या रविवारी मी सुट्टी टाकते. बाबा शनिवारी पाटणूसला जाऊन वाटाड्याशी बोलून येतील. सकाळी चालायला लागण्याआधी एक फोन कर आणि भिऱ्यात परत आलीस की लगेच दुसरा. जेवायला नंतर बस.

तुझी,
आई