जोडणी तोडण्यापूर्वी वीजवापर आवरा

महोदय,

व्यापारी दराच्या वीजबिलात युनिटच्या दराखेरीज स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क यांची भर पडत असल्याने लहान इमारतींतील गाळेधारक हैराण आहेत. त्यामुळे ‘गच्चीवर सौर पॅनेल बसवू, बॅटऱ्या ठेवू आणि महावितरणची जोडणीच काढून टाकू’ ही भाषा हल्ली कोल्हापूरच्या शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत ऐकू येते. संताप समजण्यासारखा आहे. हिशेब मात्र जुळत नाही.

दिवसाला ४० युनिट वीज लागणारी इमारत धरू. एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट देते आणि साधारण १०० चौरस फूट जागा घेते. म्हणजे १० किलोवॅटसाठी सावली नसलेली हजार फूट गच्ची हवी; पाण्याच्या टाक्या आणि जाहिरातींचे फलक वगळता तेवढी उरते का, हे ज्याने त्याने वर जाऊन पाहावे. उन्हाळ्यात हे निभेलही, पण जुलैत कोल्हापुरात दिवसेंदिवस सूर्य दिसत नाही. अशा वेळी केवळ तीन दिवसांची बेगमी करायची तरी १२० युनिट साठवावे लागतील. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या (घरगुती इन्व्हर्टरला असते तशा) ट्यूब्युलर बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट मावतात आणि ती टिकवायची तर त्यातले निम्मेच वापरावेत, म्हणजे सुमारे १३० बॅटऱ्या झाल्या. त्या जिन्याखाली रचायच्या आणि काही वर्षांनी सगळ्या बदलायच्या! लिथियमच्या बॅटऱ्या कमी जागेत मावतात व अधिक टिकतात, पण त्यांच्या किमतीत बिलातली बचत वाहून जाते.

त्यापेक्षा आधी वापर आवरावा. शोकेसमधील ५० वॅटच्या हॅलोजनचे काम ७ वॅटचा एलईडी करतो, शिवाय हॅलोजनच्या उष्णतेमुळे एसीवर पडणारा ताणही वाचतो. ७५ वॅटच्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी (ब्रशविना मोटरचा, कमी वीज खाणारा) पंखा चालतो. मंजूर भार, म्हणजे जोडणीसाठी मंजूर झालेली कमाल क्षमता, २० किलोवॅटहून अधिक असल्यास स्थिर आकार केव्हीए या भाराच्या एककावर लागतो, तेव्हा वापर घटल्यावर भारही कमी करून घ्यावा. दुकानांचा बराचसा वापर दिवसा असल्याने त्यानंतर नेट मीटरसह (महावितरणला दिलेली जादा वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर) बेताची सौर यंत्रणा बसवणे फायद्याचे ठरते, जरी पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान केवळ घरगुती ग्राहकांनाच असले तरी.

येथे एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. लाइनवर काम करणाऱ्यांच्या जिवाला धोका नको म्हणून, बॅटरी नसलेली नेट मीटरची यंत्रणा वीज जाताच आपोआप बंद होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराच्या अनेक भागांत वीज बंद होती, हे ध्यानात घेता बिलिंगचा संगणक, जिन्यातील दिवे आणि सीसीटीव्ही यांपुरती लहान बॅटरी जरूर असावी. तेवढ्यासाठी जोडणी तोडण्याची गरज नाही.

गच्ची सामाईक आणि मीटर मात्र गाळ्यागणिक वेगळे, ही अडचण उरतेच. पॅनेल कोणाच्या मीटरला जोडायचे आणि खर्च कसा वाटायचा, याचा लेखी करार आगाऊ रक्कम देण्यापूर्वी व्हावा. तसेच व्यापारी संघटनांनी विक्रेत्यांकडून वर्षाच्या सरासरीऐवजी जून ते सप्टेंबरचे महिनावार उत्पादन लेखी मागावे, अशी विनंती आहे.

– एक गाळेधारक, शाहूपुरी, कोल्हापूर